कंपनीच्या खर्चाचं गोंदण

आमच्या खात्यात सुताला गाठ मारली की उरलेलं शेपूट दातानं तोडायची रीत होती. कात्री प्रत्येकीला मिळालेली असायची, ती कमरेला दोरीनं लोंबतही असायची. पण दात जवळ आणि कात्री लांब. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बायका फाटकाबाहेर यायच्या, आधी थू थू करून तोंडातले धाग्याचे तुकडे टाकायच्या आणि मगच बोलायला लागायच्या. अकोल्याच्या गिरणीतलं ते रिळिंग खातं. कांड्यांवरचं सूत मोठ्या फिरत्या चौकटीवर घेऊन त्याच्या लडी करायच्या, एवढंच काम. लडींचे गठ्ठे बाहेर जात, हातमागवाले ते घेत, धूत, रंगवत. खातं सगळं बायकांचं.

मी समुद्राकाठची. चौथीनंतर वडिलांनी शाळा थांबवली. लग्न झालं तेव्हा कळलं की नवरा वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे. वऱ्हाड म्हणजे नक्की कुठं, हे सांगणारं आमच्या वाडीत कुणी नव्हतं. बोट, मग मोटार, मग आगगाडी, मग परत आगगाडी, असं करत अकोल्याला उतरले तेव्हा पहिला विचार आला तो हा, की इथून एकटीनं परत जायचं म्हटलं तर मला वाट सापडणार नाही. तो विचार पुढं कितीतरी वर्षं गेला नाही.

जिनिंगचं काम कापूस आला की सुरू होतं आणि ऊन तापलं की संपतं. पाऊसभर नवऱ्याचे हात रिकामे. तेव्हा शेजारच्या मावशीनं मला गिरणीत लावलं. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. बाळापूरकडची, शेतकरी घरातली. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, गालात पान, आणि बोलणं असं की पहिल्या दिवशी मला वाटलं, ही आपल्यावर चिडली आहे. "काहून व, जेवली नाई काय? तोंड पाह्य कसं सुकलं." हे तिचं लाड करणं होतं हे समजायला मला बराच काळ लागला. इथल्या बायका स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणत, त्याचीही सवय व्हायला वेळ लागला. त्यांनी माझ्या सानुनासिक बोलण्याची सवय करून घेतली नाहीच. शेवटपर्यंत मला कोकणीणच म्हणत.

एका सकाळी नव्यानं आलेले लेबर ऑफिसर आमच्या खात्यात आले. नागपूरचे होते, वयानं तरुण, आणि इतक्या बायकांसमोर बोलायचं म्हणून त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं. रिळिंग खातं बंद होणार. लडींना गिऱ्हाईक उरलं नाही. आता नवी यंत्रं येणार, त्यांच्यावर पुठ्ठ्याच्या शंकूभोवती सूत गुंडाळून त्याचे कोन भरायचे, आणि ते कोन आपल्याच मागांवर कापडासाठी जाणार. ज्यांना जायचं त्यांना कायद्यानं बसते ती भरपाई मिळेल. ज्यांना शिकायचं असेल त्यांना कंपनी आपल्या अमरावतीजवळच्या दुसऱ्या गिरणीत पाठवील. राहायला घर देईल, येण्याजाण्याचं भाडं देईल, आणि शिकत असतानाही पगार चालू ठेवील.

बायका मावशीकडं बघायला लागल्या. मग मावशी म्हणाली, "मास्तर शिकवाचे पैसे घेते का देते? हे उलटंच हाय. काहीतरी घोळ हाय यात."

साहेब म्हणाले, घोळ नाही. आणि घोळ नाही हे दाखवायलाच की काय, त्यांनी वाईट गोष्टही तिथंच सांगून टाकली. पहिल्या खेपेला पाच जणींना पाठवणार, पण यंत्रावर जागा चारच असतील. शिकून आल्यावर पाचवीचं काय होईल ते आज सांगता येत नाही. काहीतरी बघू, असं ते म्हणाले.

पुष्कळशा बायकांनी भरपाई घेतली. कुणी कापूस वेचायला परत गेल्या, कुणी लेकाकडं. त्यातल्या एकदोघी पुढं बाजारात भाजी विकताना दिसायच्या आणि "कोकणीण, कशी हाय तुही मशीन?" असं विचारायच्या, त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, तरी मला उत्तर देताना चोरट्यासारखं व्हायचं. भरपाई घेऊन मी कुठं जाणार होते? नोकरी गेली असती तर पाऊसभर दोघांनी बसून राहायचं, नाहीतर गावी दिरांच्या चुलीवर जाऊन पडायचं. मी शिकायला नाव दिलं. पाचवी कोण असणार हे मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. मीच.

मावशीनंही नाव दिलं. "या वयात काहून?" असं कुणी विचारलं तर म्हणे, "अमरावती पाह्यली नाई मी. कंपनीच्या पैशानं पाहून घेतो."

उरलेल्या तिघींपैकी दोघी एका घरातल्या जावा होत्या. चांदूर रेल्वेच्या. एकमेकींशी भांडण असायचं, पण तिसऱ्याशी भांडायचं असलं की दोघी एका बाजूला. आणि तिसरी ताई. ताई अकोल्याचीच, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या वस्तीनं तीनेक वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती. घरातले देव तिनं स्वतः टोपलीत घालून मोर्णेच्या पाण्यात सोडले होते, आणि कुंकू लावणंही त्याच दिवसापासून सोडलं होतं. लहानपणी आईनं गोंदवलेला हिरवा ठिपका तेवढा कपाळाच्या मधोमध राहिला होता. "हे काही नदीत सोडता येत नाई," असं ती हसून म्हणायची.

कंपनीनं दिलेलं घर दोन खोल्यांचं होतं, पुढं लांबट ओसरी. पहिल्याच संध्याकाळी त्या घरात तीन चुली पेटल्या. जावांची आतल्या खोलीत, मावशीची आणि माझी बाहेरच्या खोलीत, आणि ओसरीच्या पार टोकाला ताईची. कुणी काही बोललं नव्हतं. ताईनंच आपली चूल तिथं मांडली होती, आम्ही सांगायची वेळ येऊ नये म्हणून. आणि आम्हीही बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका रविवारी ताईनं अमरावतीच्या बाजारातून सुके बोंबील आणले आणि तव्यावर टाकले. मी आत भाकरी थापत होते. तो वास आला आणि मला एकदम आमची पडवी दिसली, आईचे हात दिसले, पावसाळ्यात चुलीवर टांगलेली सुकटीची टोपली दिसली. पिठाचे हात तसेच घेऊन मी ओसरीवर जाऊन उभी राहिले. त्यात समता वगैरे काही नव्हती. वास होता. ताईनं वर पाहिलं आणि काही न विचारता एक बोंबील माझ्या भाकरीवर ठेवला. मी तिथंच बसून खाल्ला. आतून मावशी बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. ती बाहेर आली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "इतकी वर्सं मले वाटे ही रडते ते मायच्या आठवनीनं. ही तं या वासासाठी रडून राह्यली होती." दुसऱ्या दिवसापासून बाहेरची चूल आणि आमची चूल एक झाली. जावांची मात्र शेवटपर्यंत वेगळीच राहिली.

शिकवायला चाचा होते. अचलपूरचे, सगळा जन्म गिरणीत गेलेला. पांढरी दाढी, आणि बोटं अशी की धाग्याकडं न बघता गाठ मारत. त्यांनी पहिल्याच दिवशी आमचे दात बंद केले. नव्या गिरणीत गाठीचं शेपूट इतकं आखूड हवं होतं की दात तिथवर पोचलेच नसते. तळहातात बसेल असं एक लहानसं यंत्र होतं, त्यात दोन्ही धागे घालून अंगठा दाबला की गाठ बसे आणि शेपूट तुटे. पहिला आठवडा आमच्या अंगठ्यांना फोड आले. सवयीनं धागा तोंडाकडं नेला की चाचा लांबूनच म्हणत, "बाई, वो खाने का नहीं है." ते आम्हाला कधी ओरडले नाहीत. चुकलं की आमच्या हातातून धागा घेत, स्वतः सावकाश गाठ मारत आणि परत तोडून आमच्या हातात देत. माझ्या शाळेत मला असं कुणी शिकवलं नव्हतं. तिथं चुकलं की आधी हात पुढं करायचा असे.

तिथं धागा तुटू नये म्हणून खात्यात सारखी वाफ सोडत. वर वैशाखाचं ऊन, आत वाफ. केस ओले, चोळी ओली. तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझे हात चालायला लागले, आणि एक दिवस चाचांनी माझा भरलेला कोन हातात घेऊन फिरवला तेव्हा मला वाटलं, आता शाबासकी. त्यांनी कोन माझ्या डोळ्यांपुढं धरला. पांढऱ्या सुतावर बारीक लाल डाग होता. थोडं सूत उलगडलं तर आत आणखी एक. मग आणखी.

"ये क्या है? गाठ है के टिकली है?"

जावांच्या कोनांवरही तेच. मावशीच्याही. लडीला डाग पडला तर पडला, हातमागवाला ती धुऊन रंगवणारच असे. पण हे सूत पांढऱ्या कापडात जाणार होतं, तिथं एक डाग म्हणजे वार दोन वार कापड बाद. चाचा म्हणाले, शेवटी अकोल्याहून विणाई खात्याचे मास्तर येतील ते हेच बघतील: गाठ आणि सफाई.

आधी सगळ्यांचा संशय मावशीच्या पानावर गेला. मावशीनं रागानं पान सोडलं. तो आठवडा आम्हाला फार जड गेला, कारण पान नसलेली मावशी म्हणजे काय असतं हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. डाग येतच राहिले. मग यंत्राचा गंज असेल म्हणून जावांनी यंत्रं घासून काढली. तरी डाग. एकटीच्या कोनांवर डाग नव्हते, ताईच्या. तेव्हा जावा म्हणायला लागल्या, चाचांनी तिला चांगलं यंत्र दिलं. ताई थोरल्या जावेच्या यंत्रावर जाऊन उभी राहिली. संध्याकाळी जावेच्या जुन्या यंत्रावर पांढरे कोन आणि ताईच्या चांगल्या यंत्रावर लाल डागांचे.

दुसऱ्या दिवशी धागा तुटला म्हणून मी थांबले, घाम पुसला आणि गाठ मारायला गेले, तर शेजारून ताईनं माझं मनगट धरलं. "थांब. तुहा हात पाह्य आधी."

हाताची मागची बाजू लाल झाली होती. मेणावर लावलेलं कुंकू त्या वाफेत टिकत नव्हतं. ते ओघळायचं, आम्ही सवयीनं पुसायचो, आणि त्याच हातानं धागा धरायचो. म्हणून जिथं गाठ तिथं लाल. रिळिंग खात्यात आम्ही हे वर्षानुवर्षं करत आलो असू. तिथं कुणी बघितलंच नव्हतं.

कळल्यावर आम्हाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. धाकटी जाऊ म्हणाली, "हिचं बरं हाय. हिले लावाच लागत नाई."

ताई म्हणाली, "लागत नाई असं नाई. मी लावत नाई." आणि तिनं आपल्या यंत्राकडं तोंड फिरवलं. त्यानंतर तो विषय तिच्यासमोर कुणी काढला नाही.

आम्ही चाचांकडं पाहिलं तर ते म्हणाले, ही तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी काही बोलू शकत नाही, तुम्हीच बघा. आणि लांब जाऊन उभे राहिले.

मावशीनं सगळ्यात आधी तोडगा काढला. पदराचं टोक ओलं केलं आणि खसाखसा कपाळ पुसलं. खाली गोंदलेला ठिपका होता, कुंकवाखाली इतकी वर्षं झाकलेला. "खालचं पक्कं हाय," ती म्हणाली. "वरचं रोजचं. पाळी सुटली की लावून घेईन." जावांनाही लहानपणी गोंदलेलं होतं. त्यांनीही पुसलं. माझ्या कपाळावर खाली काहीच नव्हतं. गावी गोंदणारीण आली की मी माळ्यावर लपून बसत असे. आईनं दोनदा शोधून काढलं, दोन्ही वेळा मी इतकी रडले की तिनं नाद सोडला.

आज कुणाला हे क्षुल्लक वाटेल. तेव्हा नवरा तिकडं अकोल्यात प्रेसच्या यंत्रांची दुरुस्ती करत होता. हंगाम संपला की ते काम असे. त्याच यंत्रावर त्याच्यासोबतच्या एकाची बोटं गेलेली मी पाहिली होती. तो तिकडं यंत्रात हात घालणार आणि मी इकडं दिवसभर कोरं कपाळ घेऊन उभी राहणार, हे मला झेपेना. आणि न पुसावं तर डाग. डाग म्हणजे पाचवी मी. मी लहान कुंकू लावून पाहिलं. मेणाशिवाय लावून पाहिलं. शेवटी कपाळावर फडक्याची पट्टी बांधली, ती घामानं डोळ्यांवर उतरायची, आणि धाकटी जाऊ विचारायची, "कोनाशी कुस्ती हाय व आज?"

गोंदून घे, असं मावशी म्हणाली. मी दोन दिवस ते टाळलं. नवऱ्याला विचारायला अकोला काही लांब नव्हतं, पण तो "तुला वाटेल तसं कर" असं म्हणणार, आणि मला काय वाटतं हेच तर मला कळत नव्हतं. शेवटी ताई म्हणाली, मास्तर यायला आता फार दिवस राहिले नाहीत, कपाळ सुजलं तर उतरायलाही वेळ हवा. मला भीती दाखवून कामाला लावता येतं हे तिनं ओळखलं होतं.

सुटीच्या दिवशी मावशी मला अंबादेवीच्या देवळाकडं घेऊन गेली. गोंदणाऱ्या बायका तिथं बाहेर बसत. ताईही आली. मावशी आत जाऊन दर्शन घेऊन आली तोवर ताई गोंदणारणीजवळ बसून तिच्या सुया नीट बघत होती आणि त्या परत धुवायला लावत होती. मग मावशीनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, ताईनं दोन्ही हात धरले. सुयांचा जुडगा काजळात बुडवून ती बाई टोचायला लागली. मी ओरडले नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगत असे. ओरडले होते. मावशी वरून म्हणत होती, "झालं व माय, झालं. पोरगं होताना काय करशीन?" आणि ताईचा हात मी इतका दाबला होता की तिच्या अंगठ्याचा जुना फोड फुटला.

दुसऱ्या दिवशी माझं कपाळ भुवयांपर्यंत सुजलं होतं. त्यावर हळद. नेमके त्याच दिवशी लेबर ऑफिसर साहेब आम्हाला बघायला आले. माझ्याकडं नजर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. यंत्राचं लागलं का, केव्हा लागलं, दवाखान्यात का नेलं नाही, असं ते चाचांना विचारायला लागले. चाचा म्हणाले, "साब, लगा नहीं है. लगवाया है."

मग सगळी हकीकत सांगावी लागली. ती मावशीनं सांगितली, त्यामुळं पान सोडल्याची गोष्ट फार लांबली. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, हे तुम्ही कामासाठीच केलंत, तेव्हा याचा खर्च शिकवण्याच्या खर्चात धरायला हवा. तो कंपनीनं द्यायचा. मला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हते करत. थोरली जाऊ लगेच म्हणाली, मग आमचं? आमच्या मायनं दिले ते कोण देईल? त्यावर मावशीनं तिला गप्प केलं आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मंग साहेब, उद्या हिची नोकरी सुटली तं हे परत काढून घ्याल काय?"

साहेबांचे कान पुन्हा लाल झाले. "नाही मावशी," ते म्हणाले. "शिकवलेलं कंपनी परत घेत नाही."

सूज उतरली. हिरवा ठिपका उरला. पहिल्या दिवशी कुंकू पुसून यंत्रापुढं उभी राहिले तेव्हा मी चारचारदा कपाळाला हात लावून पाहत होते, जणू तो पडून जाईल. आणि मग विसरले. धागा, गाठ, धागा, गाठ. कोन पांढरे निघायला लागले.

मास्तर आले, सोबत साहेबही. त्यांनी आमचे कोन एका चौकटीवर लावून धागे ओढायला लावले, आणि ते मागं हात बांधून बघत उभे राहिले. ताईचा एकही धागा तुटला नाही. माझे एकदोन तुटले. मावशीच्या कोनांवर डाग एकही नव्हता, पण गाठी सुटत होत्या. एकामागून एक. मी तिच्याकडं पाहिलं. ती चौकटीकडं बघतच नव्हती. खिडकीबाहेर कडुनिंबाकडं बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरी सुईत दोरा ओवायला ती रोज मलाच सांगायची. हाताला पीठ आहे म्हणायची. पीठ नसतानाही म्हणायची.

साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बसवून चहा दिला आणि मावशीचं नाव सांगितलं.  मला जागा मिळाली होती, आणि मी माझा कप तसाच खाली ठेवला.

मावशीनं आपला चहा संपवला. "मंग आता मले काय शिकवता?" तिनं विचारलं.

साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी खिशातून नव्हे, मनातून काढल्यासारखं एकेक शब्द जुळवत सांगितलं, की गिरणीत कामकरी बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर नीट चालवायचं आहे. आता आहे ती नुसती एक खोली आहे. तिथं एक बाई हवी. इस्पितळातल्या नर्सबाई तिला शिकवतील: दूध कसं उकळायचं, ताप कसा बघायचा, मुलांना कसं ठेवायचं.

मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. "मले लेकरं सांभाळाले शिकवून राह्यले," ती आमच्याकडं वळून म्हणाली. "सहा वाढवले मी. पगार देऊन शिकवतात म्हन्ते. या कंपनीचं डोकं ठिकाणावर नाई." आणि तिनं कनवटीची चंची सोडून पान लावायला घेतलं. म्हणजे तिनं होकार दिला, हे आम्ही ओळखलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून रडत होते. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मावशीनं चालू दिलं. मग म्हणाली, "काहून रडून राह्यली व? जागा तुले भेटली. रडाले मी पाह्यजे."

मी विचारलं, तुला माहीत होतं का, तुझे डोळे असे आहेत हे.

"मागच्या दिवाईपासून."

मग नाव का दिलंस?

तिनं खिडकीबाहेर पान थुंकलं, तोंड पुसलं. "तू एकटी गेली असती काय अमरावतीले?"

समोर बसलेली ताई माझ्याकडं बघत होती, मी काय उत्तर देते ते ऐकायला. मी पदरानं डोळे पुसले. गेले नसते, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला दुसऱ्या पाच जणी शिकायला गेल्या तेव्हा कंपनीनं ताईला चाचांच्या जोडीला पाठवलं. पहिल्या दिवशी यंत्राजवळ जाण्याआधीच ती सगळ्यांना कपाळं दाखवायला लावायची, असं ऐकलं. मावशीनं नर्सबाईंकडं शिक्षण घेतलं, म्हणजे रोज त्यांच्याशी वाद घातला. पण उष्णतामापकातला पारा तिला दिसायचा नाही, तेव्हा मूल कुणाच्या तरी कुशीत देऊन ती नर्सबाईंनाच बोलावून आणायची, आणि तेवढं एक त्यांचं ऐकायची. माझी मुलगी तिच्या हाताखाली वाढली. मुलगी पहिलं जे बोलली ते वऱ्हाडी बोलली. गावी नेली तेव्हा माझ्या आईला तिच्याशी बोलायला माझी मदत घ्यावी लागली. आईनं माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि म्हणाली, आम्ही दोनदा धरलं तेव्हा नाही, आणि तिकडं जाऊन करून घेतलंस. मी म्हटलं, तिकडं धरणाऱ्या जास्त होत्या.

नवऱ्याला ते गोंदण आवडलं की नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही. मात्र पाहुणे आले की तोच सांगायचा, हे कंपनीच्या पैशानं आहे बरं का. त्याला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. कुंकू गेलं. ठिपका आहे.

मी गिरणीतून सुटले त्या दिवशी फाटकाशी सगळं जमा करून घेतलं. कात्री, गाठीचं यंत्र, बिल्ला. टेबलाशी बसलेला मुलगा नवा होता. त्यानं विचारलं, कंपनीचं आणखी काही आहे का तुमच्याकडं, आजी? मी नाही म्हटलं आणि पदर जरासा पुढं ओढला. रस्त्यापलीकडं ताई मला न्यायला येऊन उभी होती, तिनं ते पाहिलं, आणि बाजाराच्या चौकापर्यंत ती एकटीच हसत चालली होती. मावशी असती तर परत जाऊन त्या मुलाला सांगून आली असती.